स्ट्रॉबेरीच्या वाफ्याचे चित्र रंगविताना

पहिली-दुसरीच्या मुलांस रंगविण्यासाठी रेखाकृती दिली म्हणजे वर्ग शांत बसतो, आणि पुष्कळदा तेवढ्यासाठीच ती दिली जाते. ‘फळे लाल, पाने हिरवी’ एवढे सांगून शिक्षक दुसऱ्या इयत्तेकडे वळतात. द्विशिक्षकी शाळेतील ओढाताण ध्यानी घेता त्यांस फार दोष देता येणार नाही. परंतु त्या अर्ध्या तासात मुलांच्या कागदावर जे घडते, ते पाहण्याजोगे असते.

महाबळेश्वर तालुक्यातील एखाद्या शाळेची कल्पना करावी. वाफ्याच्या चित्रात सहा फळे आहेत. एक मूल तीन फळे लाल करते, दोन पांढरीच ठेवते व एकास हिरवा रंग देते. शिक्षक वही पाहून म्हणतात, “काम अर्धवट राहिले, पूर्ण कर.” मूल निमूटपणे उरलेल्या तीन फळांवर लाल खडू फिरविते. वस्तुतः त्याचे चित्र पूर्ण होते. फळतोडीच्या दिवसांत ते आईबरोबर वाफ्यात जाते, आणि तेथे जे दिसते तेच त्याने रंगविले होते. स्ट्रॉबेरीचे फळ प्रथम हिरवे असते, मग फिकट पांढरे होते, त्यानंतर त्यास लाली चढते. फुलापासून पिकल्या फळापर्यंत साधारणपणे महिनाभराचा काळ जातो. त्यामुळे एकाच रोपावर पांढरे फूल, हिरवे फळ, पांढरे फळ व लाल फळ एकाच वेळी दिसतात. सर्व फळे एकदम लाल झालेला वाफा केवळ छापील चित्रांतच असतो.

म्हणून खडू हाती देण्यापूर्वी झाड दाखवावे. महाबळेश्वर, वाई व जावळी भागांत हे कठीण नाही. पावसाळ्याच्या अखेरीस लावलेली रोपे हिवाळ्यात फळू लागतात व मार्चपर्यंत तोडणी चालते. शेतकऱ्याची परवानगी घेऊन वर्ग वाफ्याकडे न्यावा; मात्र नुकतीच औषधफवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारावे आणि न धुतलेले फळ कोणी तोंडात घालणार नाही, याकडे लक्ष ठेवावे. तेथे फार बोलू नये. एका पानात किती लहान पाने आहेत? तीन, कडा दातेरी. फुलाच्या पाकळ्या किती? बहुधा पाच, मधला भाग पिवळा. फळ झाडावर वर तोंड करून उभे असते की खाली लवून टेकलेले असते? चित्रकार येथे हटकून चुकतात! गादीवाफ्यावर अंथरलेला रुपेरी वा काळा कागद कशासाठी, हे शेतकऱ्याची मुलेच इतरांस सांगतील: फळास माती लागू नये, तण माजू नये व ओल टिकावी. रोपापासून निघून जमिनीलगत सरपटत जाणारी खोडे दिसल्यास तीही दाखवावीत. त्यांच्या पेरांस मुळे फुटून नवी रोपे होतात.

फळावरील पिवळे ठिपके मुलांस विशेष आवडतात. त्यांस आपण बिया म्हणतो, तरी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने तो प्रत्येक ठिपका एक बारीकसे फळ असून बी त्याच्या आत असते. आपण खातो तो फुलाचा फुगलेला देठाकडील भाग होय. पहिलीच्या मुलास हे सांगण्याचे कारण नाही. शिक्षकास ठाऊक असावे, इतकेच. हे ठिपके प्रथम पिवळ्या मेणखडूने दाबून काढावेत व वरून पातळ लाल पाणीरंग फिरवावा. मेणावर पाणी ठरत नाही, त्यामुळे ठिपके आपोआप उठून दिसतात.

माण-खटावकडील पुष्कळ मुलांनी स्ट्रॉबेरी शेतात पाहिलेली नसते. तेथे याच चित्राचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. टोमॅटोचा वाफा घ्यावा. तेथेही हिरवे, फिकट व लाल फळ एकाच झाडावर सापडते. खडू अपुरे असल्यास पाण्यात कालविलेल्या हळदीचा पिवळा व गेरूचा तांबडा रंग चालतो. हळदीच्या पाण्यात शिक्षकाने चिमूटभर खाण्याचा सोडा टाकला की तो तांबूस होतो. मुले हा पालट पुन्हा पुन्हा पाहू इच्छितात. चुन्यानेही तसेच घडते. परंतु लहान मुलांच्या हाती चुना देऊ नये.

चित्रे गोळा केल्यावर गुण देण्याची घाई करू नये. वेगळा रंग दिसल्यास “हे असे का केलेस?” असे सौम्यपणे विचारावे. बहुतेक वेळा उत्तर मिळते: हे कच्चे आहे, हे पाखराने खाल्ले, हे पान वाळले. क्वचित उत्तर मिळत नाही. एखादे मूल नेहमीच पाने तपकिरी व फळे हिरवट रंगविते, खडू निवडताना शेजाऱ्याच्या हाताकडे पाहते, आणि विचारताच गोंधळते. अशा मुलास लाल व हिरवा यांतील भेद नीट दिसत नसण्याचा संभव असतो. हा दोष जन्मजात असतो व मुलींपेक्षा मुलग्यांत पुष्कळच अधिक आढळतो. यात आळस नाही की मंदबुद्धी नाही, आणि दटावून तो जातही नाही. शिक्षकाने स्वतः निदान करू नये. पालकांस एकांतात सांगावे व शालेय आरोग्य तपासणीच्या वेळी डॉक्टरांच्या कानी घालावे. तोवर खडूंच्या वेष्टनावर ‘लाल’, ‘हिरवा’ असे शब्द शाईने लिहून द्यावेत. ते सर्व मुलांच्या खडूंवर लिहावेत. इतरांचे तेवढेच वाचन होते, आणि त्या एका मुलाकडे कोणाचे लक्ष जात नाही.