संगणकाची तक्रारवही

गुलटेकडीच्या मार्केट यार्डात अनेक गाळ्यांवर शेतकऱ्याची पट्टी आता संगणकातून निघते. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती येणारी रक्कम, सारे तीवर छापलेले असते. छापील आकड्यावर माणसाचा विश्वास चटकन बसतो. म्हणूनच तो आकडा काढणाऱ्या सॉफ्टवेअरमधली चूक कोण टिपून ठेवतो, हा प्रश्न मोलाचा ठरतो. माझे वडील याच यार्डात हमाल आहेत. गोणीमागे चार आणे कमी लागले तर आठवड्याला काय होते, हे त्यांना कागदावाचून कळते.

सॉफ्टवेअर लिहिणारी मंडळी चुका व मागण्या नोंदवण्यासाठी जे साधन वापरतात त्याला 'इश्यू ट्रॅकर' म्हणतात. आपण तक्रारवही म्हणू. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, ती कोणाकडे सोपवली, कोणी केव्हा बंद केली, एवढे तीत हवेच. माझा चुलतभाऊ पाच जणांच्या एका गटात गाळ्यांच्या हिशेबाचे सॉफ्टवेअर लिहितो. तिथे मुनीमजींची तक्रार फोनवर येते, चिठ्ठीवर उतरते आणि चिठ्ठीबरोबरच हरवते. अशा गटाने कोणती वही घ्यावी?

पर्याय पुष्कळ आहेत. नेटस्केप कंपनीतून १९९८ साली बाहेर आलेली 'बगझिला' फुकट व खुली आहे. २००६ ची 'रेडमाइन'ही तशीच. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅटलासियन कंपनीची 'जिरा' २००२ पासून विकली जाते. (हा आपल्या फोडणीतला जिरा नव्हे; 'गोजिरा' या जपानी चित्रपटातील राक्षसाच्या नावावरून ते नाव आले.) फुकट वही आपल्या संगणकावर बसवावी लागते, तिची निगा राखावी लागते, तो वेळ हीच तिची किंमत. विकतच्या वहीत धोका वेगळा. जिराची स्वतःच्या संगणकावर चालणारी 'सर्व्हर' आवृत्ती घेतलेल्यांचा आधार कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये काढून घेतला. तेव्हा जुन्या नोंदी बाहेर काढता येतात का, हे घेण्याआधीच पाहावे.

पण माझ्या मते खरी कसोटी दुसरीच आहे. तक्रार लिहिणार कोण? वीस रकाने भरायला लावणारी वही मुनीमजी दोनदा उघडतील, तिसऱ्यांदा फोनच करतील. गाळा, पट्टीचा क्रमांक, काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, इतकेच रकाने पुरेत. सोबत पट्टीचा फोटो जोडता आला पाहिजे.

चूक आणि बदल यांचे खणही वेगळे हवेत. २०१६ साली राज्य सरकारने फळे-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय केला. त्या दिवसापर्यंत जे गणित बरोबर होते ते दुसऱ्या दिवशी चुकीचे झाले. याला लिहिणाऱ्याची चूक म्हणता येणार नाही. पण शेतकऱ्याच्या पट्टीतून अडत कापली जात राहिली तर त्याचे नुकसान खरेच असते. असा बदल दिखाऊ मागण्यांच्या रांगेत मागे पडता कामा नये.

आणखी एक. तक्रार बंद करण्याचा अधिकार ती दुरुस्त करणाऱ्याला एकट्याला देऊ नये. ज्याने ती नोंदवली त्याने नवी पट्टी पाहून 'ठीक' म्हणावे, मगच ती बंद व्हावी. ही सोय वहीत आहे का, हे जाहिरातीवरून कळत नाही. त्यासाठी मागच्या महिन्यातल्या दहा खऱ्या तक्रारी दोन वह्यांत भरून पाहाव्यात, आणि त्या भरायला मुनीमजींनाच बसवावे.