दारातील राखणदार : श्वानाच्या सवयी आणि आरोग्य

राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव. भोवताली उसाची शेती, जवळच राहुरी फॅक्टरी आणि नगर-मनमाड मार्गाची अखंड रहदारी. पुढे दुकान, मागे घर आणि बाजूला वखार अशी रचना या भागातील बाजारपेठांना नवी नाही. अशा घरी राखणीसाठी कुत्रा असतो. नसला, तरी सकाळी पहिली पोळी खाण्यासाठी ओट्यापाशी येऊन बसणारे एखादे मुके जनावर असतेच. त्याला चार घास देण्याची रीत व्यापारी कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. परंतु घास घालणे आणि सांभाळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कुत्रा गिऱ्हाइकावर धावून जातो, रात्रभर भुंकतो, मुलांवर गुरगुरतो अशा तक्रारी घरोघरी ऐकू येतात. त्यांचे मूळ बहुधा कुत्र्याच्या स्वभावात नसते, त्याच्या सांभाळात असते.

साखळीचा प्रश्न

राखणीचा कुत्रा म्हणजे दिवसभर बांधलेला कुत्रा, असा समज रूढ आहे. सतत साखळीला असलेल्या प्राण्याला समोरून येणाऱ्या परक्या माणसापासून दूर सरता येत नाही. पळण्याचा मार्ग बंद झाला की भुंकणे आणि चावणे एवढेच त्याच्या हाती उरते. साखळीने कुत्रा तिखट होतो असे म्हणतात. प्रत्यक्षात तो भित्रा होतो, आणि भ्यालेला कुत्राच अधिक चावतो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जनावर पाळणाऱ्या घराला ही यादी रोजच्या व्यवहारातील वाटावी इतकी जवळची आहे. जखडून ठेवणे, मारणे, शोभेसाठी कान वा शेपूट कापणे, शक्तीबाहेर राबवणे आणि अन्नपाणी तोडणे हे सारे तिच्यात येते. निर्दयपणे जखडणे आणि गरजेपुरते, सैल, आग लागल्यास चटकन सुटेल असे बांधणे यांत टीकाकारांनी भेदही केला आहे. दुकानाच्या गर्दीच्या वेळी कुत्र्याला बांधावे लागले, तर दोरी लांब, गळपट्टा सैल, सावली आणि पाणी जवळ एवढे पथ्य पाळावे. सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास पट्ट्याने फिरवून आणलेला कुत्रा घरात पुष्कळ शांत राहतो.

उसाच्या पट्ट्यात साखळीला आणखी एक धोका जोडलेला आहे. बिबट्याच्या आहाराविषयी विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जिल्ह्यातील अकोले तालुक्यात केलेला अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या भक्ष्यात पाळीव प्राण्यांचा वाटा सुमारे ८७ टक्के आढळला आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. शिवारालगतच्या अंगणात रात्री बांधलेला कुत्रा म्हणूनच राखणदार ठरत नाही. तो बिबट्याला घरापर्यंत बोलावणारे आमिष ठरतो. सूर्यास्तानंतर त्याला घरात, पडवीत किंवा जाळी-दार असलेल्या बंदिस्त जागेत घ्यावे. आतून दिलेला त्याचा आवाजही इशारा द्यायला पुरेसा असतो. तो रात्री एकाच दिशेला तोंड करून अस्वस्थपणे भुंकत असेल, तर त्याला दटावण्याआधी बाहेर काय आहे याचा अंदाज घ्यावा. मात्र दार उघडून एकट्याने बाहेर पडू नये.

भुंकणे, चावणे, कुरतडणे

सवय बदलण्यापूर्वी दुखणे तपासावे, हा पहिला नियम. एरवी शांत असलेला कुत्रा अचानक गुरगुरू लागला, तर कानातील जंतुसंसर्ग, दातदुखी, सांधेदुखी किंवा लपलेली जखम हे कारण असू शकते. अशा वेळी शिस्तीआधी त्याला पशुवैद्याकडे न्यावे.

दुखणे नसेल तर कारण शोधावे. गिऱ्हाईक आले, कुत्रा भुंकला आणि गिऱ्हाईक सामान घेऊन निघून गेले. आपण भुंकलो म्हणून माणूस गेला, असे कुत्रा यातून शिकतो. त्याला उलट धडा द्यावा लागतो. परका माणूस दिसला आणि कुत्रा गप्प राहिला, तर त्याच क्षणी त्याला पोळीचा वा पनीरचा छोटा तुकडा द्यावा. सुरुवात लांबून करावी आणि अंतर हळूहळू कमी करावे. यास काही आठवडे लागतात, आणि घरातील सर्वांनी एकच रीत पाळावी लागते. वडिलांनी दटावायचे, आजींनी लाड करायचे आणि मुलांनी चिडवायचे, अशा घरात कुत्रा गोंधळतो.

मारणे निष्फळ ठरते. घरात केलेल्या घाणीत नाक घासणे हा जुना उपायही तसाच. शिक्षा कशाची झाली हे कुत्र्याला कळत नाही, मारणाऱ्याची भीती मात्र मनात राहते. गुरगुरणे ही तर सूचना असते. ती मारून बंद केली, तर पुढचा चावा सूचनेशिवाय येतो.

पिल्लू आईपासून आठ आठवड्यांच्या आत तोडू नये. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते त्याला पुढे सहसा घाबरत नाही. या काळात त्याला मुले, वृद्ध, हमाल, वाहनांचे आवाज, वजनकाट्याची खडखड यांची ओळख गोडीने करून द्यावी. खाणाऱ्या, झोपलेल्या किंवा पिल्ले घेऊन बसलेल्या कुत्रीला हात लावायचा नाही, हे मुलांनाही शिकवावे. दिवाळीत फटाक्यांनी बिथरणाऱ्या कुत्र्याला आतल्या खोलीत, खिडक्या लावून, परिचित माणसाजवळ बसू द्यावे.

शाकाहारी घरातील कुत्र्याचे ताट

जैन घरातील कुत्र्याला काय खाऊ घालावे, ही अनेकांच्या मनातील शंका आहे. माणसाच्या सहवासात कुत्र्याला पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता लांडग्यापेक्षा पुष्कळ अधिक लाभली आहे. नीट आखलेल्या शाकाहारावर प्रौढ कुत्रा निरोगी राहू शकतो. मांजराला मात्र हे लागू नाही. तिच्या शरीराला मांसातील घटकांची गरज असते, म्हणून मांजर पाळण्याआधी त्या कुटुंबाने विचार करावा.

‘नीट आखलेला’ हा शब्द येथे महत्त्वाचा. दुधात कुस्करलेली पोळी हा पूर्ण आहार नव्हे. अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही आणि जुलाब होतात. त्यांना दही-ताक अधिक मानवते. पोळी-भातासोबत शिजवलेली डाळ, सोयाबीन, पनीर, भोपळा, गाजर हवे. कॅल्शियम, ब-१२ आणि ड जीवनसत्त्वाची जोड पशुवैद्याला विचारून द्यावी. पिल्ले आणि गाभण कुत्री यांच्याबाबत हा सल्ला अनिवार्य समजावा.

कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतात. त्यामुळे कांदा-लसूण वर्ज्य असलेले स्वयंपाकघर या बाबतीत आपोआप सुरक्षित ठरते. पण त्याच घरातील सुक्यामेव्याच्या डब्याकडे लक्ष हवे. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका यांनी कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते. चॉकलेट आणि झायलिटॉल घातलेला साखरविरहित च्युइंगम विषारी आहेत. सणाच्या तुपकट मिठाईने स्वादुपिंडाला सूज येते.

सूर्यास्तापूर्वी जेवण्याची घराची शिस्त कुत्र्यालाही मानवते, कारण ठरलेल्या वेळी दोन जेवणे त्याला पुरतात. पाणी मात्र रात्रीही समोर असावे. घरातील माणसांचे उपवास हे त्यांचे स्वेच्छेचे तप आहे. मुक्या जीवावर ते लादले, तर तोच अन्नपाननिरोध होतो.

लस, जंत आणि गोचीड

पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर आदी रोगांची लस सुरू करावी. सुमारे सोळा आठवड्यांचे होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतराने ती पुन्हा द्यावी लागते. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात आणि पुढे दरवर्षी द्यावी. जंतांचे औषध लहानपणी वारंवार आणि मोठेपणी साधारण तीन महिन्यांनी द्यायचे असते. लहान पिल्लाला उलट्या आणि रक्ताचे जुलाब सुरू झाले, तर एक दिवसही वाट पाहू नये.

गोचिडांमुळे ताप, सुस्ती, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, गडद रंगाची लघवी अशी लक्षणे दाखवणारे रक्ताचे रोग होतात. गोचीड मारणे ही हिंसाच, म्हणून काही घरे उपचार टाळतात. येथे जयणेचा विचार उपयोगी पडतो. एक मादी हजारोंनी अंडी घालते. आज कुत्र्याची बैठक कोरडी ठेवली, रोज केस विंचरले आणि पशुवैद्याने सांगितलेला प्रतिबंधक उपाय वेळेवर केला, तर पुढचा प्रादुर्भाव आणि त्यातील मोठी जीवहानी टळते. स्वच्छतेतील आळस अखेर अधिक हिंसेकडे नेतो.

व्यापारी घरांसाठी दोन विशेष सूचना. दुकानातील शेतीचे कीटकनाशक कुत्र्याच्या अंगाला कधीही लावू नये. चाटण्यातून आणि त्वचेतून ते शरीरात जाते. वखारीत ठेवलेले उंदरांचे औषध कुत्र्याने खाल्ले, तर काही दिवसांनी अंतर्गत रक्तस्राव होऊन तो दगावू शकतो. पॅरासिटामॉलसारख्या माणसांच्या गोळ्याही मनाने देऊ नयेत.

एप्रिल-मे महिन्यांत दुपारी फिरवणे टाळावे. कुत्रा मुख्यतः धापेवाटे शरीर थंड करतो. हस्की, सेंट बर्नार्ड असे थंड मुलखातील दाट केसांचे कुत्रे हौसेने येथे आणणे म्हणजे त्यांना दरसाल उन्हाळ्याची शिक्षा देणे होय. गावातील साधे देशी पिल्लू या हवेत अधिक सुखी राहते.

चावा घेतल्यास

घरचा असो वा रस्त्यावरचा, कुत्रा चावला किंवा ओरखडला, तर जखम लगेच वाहत्या पाण्याने आणि साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, तिखट, चुना लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. शासकीय रुग्णालयांत रेबीजची लस मोफत मिळते. तिच्या सर्व मात्रा सांगितलेल्या दिवशीच घ्याव्यात. जखम खोल असेल, तर जखमेत देण्याचे वेगळे इंजेक्शनही लागते. रेबीजची लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. उपचाराचा सारा काळ लक्षणांआधीचा असतो.

ओट्यावरची पोळी

१८३२ साली मुंबईत रस्त्यावरील कुत्री मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध पारशी समाज उभा राहिला, त्याला इतर समाजांची साथ मिळाली आणि बाजार बंद पडला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि शेठ अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबई पांजरापोळ उभी राहिली. व्यापाऱ्यांची करुणा तेव्हाही केवळ भावनेवर थांबली नाही, तिने व्यवस्था उभारली.

आज ती व्यवस्था म्हणजे नसबंदी आणि लसीकरण. २०२३ च्या केंद्रीय नियमांनुसार भटक्या श्वानांच्या नसबंदीची आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. खाऊ घालण्याची जागाही जिने, प्रवेशद्वारे आणि मुलांच्या खेळण्याच्या जागांपासून दूर असावी, असे त्यांत म्हटले आहे. दुकानदारांनी ओट्यावर पोळी टाकण्याऐवजी ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ ठेवली, उरलेले अन्न उचलले, आणि आपल्या गल्लीतील कुत्र्यांच्या नसबंदीसाठी व लसीसाठी नगरपरिषदेकडे एकत्रित अर्ज केला, तर शाळकरी मुलांची वाट निर्धोक होईल. रस्त्यात जन्मून पहिल्याच पावसाळ्यात पार्व्होने किंवा वाहनाखाली मरणाऱ्या पिल्लांची संख्याही घटेल. पोळी एका दिवसाची भूक भागवते, आणि लस त्याच कुत्र्यासह त्याला घास घालणाऱ्या हाताचेही रक्षण करते. यापुढे जीवदयेच्या खर्चात पोळीशेजारी लसीचेही खाते उघडावे.