परदेशी पदवी आणि उपनगरातील घराचे कागद

परदेशी विद्यापीठातील शिक्षणाच्या खर्चाचा हिशेब सामान्यतः शिक्षणशुल्क, निवास-भोजन आणि विमानभाडे या तीन रकमांची बेरीज करून मांडला जातो. परंतु मुंबईच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड किंवा घाटकोपर येथील नोकरदार कुटुंबाच्या दृष्टीने ही बेरीज म्हणजे प्रश्नाची केवळ सुरुवात असते. ती रक्कम कोणाच्या नावावर, कोणत्या तारणावर आणि कोणत्या चलनदराने उभी राहते, आणि ती फेडण्याची वेळ येईल तेव्हा घरातील कमावता माणूस निवृत्त झालेला असेल की नाही, यावर विद्यार्थ्याचे जाणे किंवा न जाणे ठरते. या उपनगरांत तर विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेइतकाच निर्णायक ठरतो तो त्याच्या आईवडिलांच्या राहत्या घराचा कागद, आणि या बाबीची चर्चा तिच्या महत्त्वाच्या मानाने फारच थोडी होते.

प्रवेशापूर्वीचा खर्च तुलनेने लहान असला तरी तो हप्त्याहप्त्याने येतो आणि त्यातला बहुतेक परत मिळत नाही. जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशासाठीची अमेरिकी चाचणी सुमारे वीस-बावीस हजार रुपयांची, आयईएलटीएस ही इंग्रजीची चाचणी सुमारे अठरा हजारांची, आणि त्याशिवाय प्रत्येक विद्यापीठाचे स्वतंत्र अर्जशुल्क, अशा क्रमाने सात-आठ अर्ज करणाऱ्याचे दीड लाखाच्या आसपास रुपये प्रवेशपत्र हाती येण्याआधीच संपतात. जर्मनीसाठी नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय पदव्यांची पडताळणी करणारे ‘एपीएस’ प्रमाणपत्रही आवश्यक झाले आहे. मुंबई विद्यापीठाच्या कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांच्या पदव्या आजवर तीन वर्षांच्या असल्याने, सोळा वर्षांच्या शिक्षणाची अट घालणाऱ्या अमेरिकी विद्यापीठांची दारे त्या पदवीधरांना सहज उघडत नाहीत. अंधेरीचे सरदार पटेल, विलेपार्ल्याचे द्वारकादास संघवी किंवा विद्याविहारचे सोमय्या अशा अभियांत्रिकी महाविद्यालयांतील चार वर्षांच्या पदवीधरांना ही अडचण येत नाही, आणि परदेशी जाणाऱ्यांत अभियंत्यांचा भरणा असण्याचे हेही एक कारण आहे.

कागदपत्रांत आणखी एक गुंता खास इथला आहे. महाराष्ट्रातील गुणपत्रिकांवर आडनाव, स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि पुष्कळदा आईचे नाव अशा क्रमाने नाव छापले जाते, तर पारपत्रात, म्हणजे पासपोर्टमध्ये, आडनाव आणि दिलेले नाव असे दोनच रकाने असतात; त्यामुळे एकाच विद्यार्थ्याचे नाव पारपत्रावर, पदवीवर, चाचणीच्या निकालपत्रावर आणि बँकेच्या पत्रावर वेगवेगळे दिसते, आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची आहेत असे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागते. निकाल वेळेवर लागणे हीदेखील गृहीत धरण्यासारखी गोष्ट नाही. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत घाईने लागू केल्यावर निकाल कित्येक आठवडे रखडले, परदेशी प्रवेश निश्चित झालेल्या विद्यार्थ्यांच्या हाती ऐन वेळी गुणपत्रिका नव्हती, आणि अखेर त्या वर्षी कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले.

यानंतरचा टप्पा आर्थिक क्षमतेच्या पुराव्याचा. विद्यार्थी आपल्या देशात येऊन निराधार होणार नाही, याची खात्री पटावी म्हणून प्रत्येक देश निर्वाहाची ठरावीक रक्कम आधीच दाखवण्यास किंवा अडकवून ठेवण्यास सांगतो. जर्मनीतील बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नसते, आणि म्हणून तो देश ‘फुकट शिक्षणाचा’ म्हणून ओळखला जातो. परंतु तेथे जाण्यापूर्वी ११,९०४ युरो एका रोखून ठेवलेल्या खात्यात भरावे लागतात आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. युरो १०५ रुपयांना धरला तर ही रक्कम साडेबारा लाखांची होते. कॅनडाने निर्वाहाची हीच अट १०,००० डॉलरवरून जानेवारी २०२४ मध्ये २०,६३५ आणि सप्टेंबर २०२५ मध्ये २२,८९५ कॅनडी डॉलरवर नेली. ऑस्ट्रेलियाने विद्यार्थी व्हिसाचे शुल्क ७१० डॉलरवरून जुलै २०२४ मध्ये १,६०० आणि वर्षभरात २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर केले. ब्रिटनमध्ये लंडनसाठी दरमहा १,५२९ पौंड याप्रमाणे नऊ महिन्यांची रक्कम सलग २८ दिवस खात्यात असावी लागते, आणि वर्षाला ७७६ पौंडांचा आरोग्य अधिभार व्हिसाच्या वेळीच वसूल केला जातो. पगार महिन्याच्या पंधरवड्यात संपणाऱ्या घरात सोळा-सतरा लाख रुपये हात न लावता महिनाभर खात्यात ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना या नियमांच्या भाषेवरून येत नाही.

रुपयाच्या घसरणीचा भार या सर्वांच्या वर पडतो. २०२० च्या आरंभी अमेरिकी डॉलर सुमारे ७१ रुपयांना मिळत होता. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने नव्वदी ओलांडली. वर्षाला ३०,००० डॉलर शुल्क असलेल्या अभ्यासक्रमाला पूर्वीच्या दराने २१ लाख ३० हजार रुपये लागले असते, तर नव्वदच्या दराने २७ लाख लागतात, आणि विद्यापीठाने एक डॉलरही वाढवलेला नसताना पाच लाख ७० हजारांची ही तफावत कुटुंबाला भरून काढावी लागते. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात दुसऱ्या वर्षाचे शुल्क त्या वेळच्या दराने द्यायचे असल्याने, आज मंजूर झालेले रुपयांतील कर्ज पुढल्या वर्षी अपुरे पडण्याची शक्यता पहिल्या दिवसापासूनच असते.

भारतीय बँकांची शैक्षणिक कर्जे २००१ मध्ये आखलेल्या आदर्श योजनेच्या चौकटीत दिली जातात. या चौकटीनुसार साडेसात लाखांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळू शकते, त्यापुढे मात्र स्थावर मालमत्ता किंवा तत्सम तारण द्यावे लागते आणि परदेशी शिक्षणाच्या खर्चातील १५ टक्के वाटा कुटुंबाने स्वतः उचलायचा असतो. चाळीस-पन्नास लाखांच्या गरजेपुढे साडेसात लाखांची मर्यादा नाममात्र असल्याने सारा प्रश्न तारणावर, म्हणजे घरावर, येऊन ठेपतो.

उपनगरातील घर आणि बँकेला मान्य होणारे घर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बँकेचा वकील मालमत्तेच्या हक्काचा शोध घेतो, तेव्हा त्याला पहिल्या खरेदीपासूनचे सर्व नोंदणीकृत करार एकापुढे एक साखळीने हवे असतात. मुद्रांक शुल्काच्या पावत्या, सहकारी गृहनिर्माण संस्थेचे शेअर सर्टिफिकेट, संस्थेचे ना हरकत पत्र, महापालिकेने मंजूर केलेला नकाशा आणि इमारत राहण्यायोग्य असल्याचे भोगवटा प्रमाणपत्र, ज्याला व्यवहारात ओसी म्हणतात, हे सर्व त्याला तपासायचे असते. १९७० किंवा १९८० च्या दशकात बोरिवली-मुलुंडकडे घर घेतलेल्या कुटुंबाकडे पुष्कळदा मूळ करार साध्या मुद्रांकावरचा असतो, मधल्या एखाद्या विक्रीची नोंदणीच झालेली नसते, आणि ओसी विकासकाने घेतलेलीच नसते. जमिनीची मालकी विकासकाकडून संस्थेच्या नावावर होण्याची प्रक्रिया, म्हणजे अभिहस्तांतरण, असंख्य संस्थांत अपूर्ण आहे. इमारत पुनर्विकासाला गेली असेल तर जुने घर पाडलेले आणि नवे अद्याप ताब्यात नाही, अशा अवस्थेत तारण म्हणून दाखवायला हाती केवळ विकासकाचा करार उरतो.

याहून बिकट स्थिती पागडीच्या खोल्यांची आहे. पागडी पद्धतीत भाडेकरू मोठी रक्कम देऊन आणि नाममात्र भाडे भरून पिढ्यान्‌पिढ्या राहतो, परंतु मालकी घरमालकाचीच राहते. त्यामुळे बाजारात लाखोंनी उलाढाल होणारी ती खोली बँकेच्या दृष्टीने त्याची मालमत्ताच नसते. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतून मिळालेली २२५ किंवा २६९ चौरस फुटांची घरे ठरावीक वर्षे विकण्यास मनाई असल्याने त्या काळात तारणाला चालत नाहीत. परिणामी एकाच महाविद्यालयात एकाच बाकावर बसलेल्या, सारख्या गुणांच्या दोन विद्यार्थ्यांपैकी ज्याच्या वडिलांच्या सदनिकेला ओसी आहे त्याला सरकारी बँकेचे कर्ज मिळते, आणि ज्याच्या वडिलांची खोली पागडीची आहे त्याला बिगरबँक वित्तसंस्थांकडे वळावे लागते. या संस्था घर न मागता विद्यापीठाचा दर्जा आणि विद्यार्थ्याची संभाव्य मिळकत पाहून कर्ज देतात, परंतु त्यांचा व्याजदर सरकारी बँकांपेक्षा सामान्यतः चढा असतो आणि पुष्कळदा व्याजाचा काही भाग अभ्यासक्रम चालू असतानाच भरावा लागतो. ज्याच्याकडे कमी आहे त्यालाच पैसा महाग मिळावा, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अन्यायाची गोष्ट आहे.

कर्ज मिळाल्यानंतरचे गणितही उघडे करून पाहायला हवे. चाळीस लाखांचे कर्ज साडेदहा टक्क्यांनी घेतले, त्यातले वीस लाख पहिल्या वर्षी आणि वीस लाख दुसऱ्या वर्षी उचलले, आणि अभ्यासक्रमाची दोन वर्षे अधिक सवलतीचे एक वर्ष हप्ता भरला नाही, तर सरळ व्याजानेही साडेदहा लाखांची भर पडून देणे साडेपन्नास लाखांवर जाते. दहा वर्षांत फेडायचे ठरवल्यास महिन्याचा हप्ता सुमारे ६८ हजार रुपयांचा होतो. नव्वदच्या दराने हे साडेसातशे-आठशे डॉलर झाले, आणि अमेरिकेत नोकरी करणाऱ्या अभियंत्याला ते जड नाहीत. परंतु तोच विद्यार्थी मुंबईत परतला तर पहिल्या नोकरीचा संपूर्ण पगार या हप्त्याला पुरेलच असे नाही. कर्ज रुपयांत असले तरी त्याची फेड डॉलरच्या पगारावर बेतलेली असते, आणि तो पगार मिळाला नाही तर हप्ता सहकर्जदारावर, म्हणजे साठीकडे झुकलेल्या वडिलांवर किंवा आईवर, येतो.

म्हणूनच परदेशातील धोरणबदल मुलुंडच्या घरात इतक्या तीव्रतेने जाणवतात. २७ मे २०२५ रोजी अमेरिकेने नव्या विद्यार्थी व्हिसा मुलाखतींच्या वेळा देणे थांबवले, आणि जूनमध्ये ते पुन्हा सुरू करताना अर्जदारांनी आपली समाजमाध्यमांवरील खाती सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत अशी अट घातली. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होणाऱ्यांसाठी वांद्रे-कुर्ला संकुलातील वाणिज्य दूतावासातली एकेक वेळ त्या उन्हाळ्यात अमूल्य झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. ब्रिटनने शिक्षणानंतर राहून काम करण्याची दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दीड वर्षावर आणली आहे. यांपैकी एकही निर्णय शिक्षणशुल्काबद्दल नाही, तरीही कर्जफेडीचा सारा हिशेब ज्या पहिल्या काही वर्षांच्या पगारावर उभा असतो, ती वर्षेच या निर्णयांनी अनिश्चित केली आहेत.

घर तारण न ठेवता परदेशी शिकलेल्यांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही, आणि तिच्या मुळाशी नेहमी सार्वजनिक किंवा दातृत्वाचा पैसा होता. परळच्या चाळीत राहणारे भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या, तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर, आणि बदल्यात त्यांनी दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार केला होता. मुदत संपताच १९१७ मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी करून शिल्लक टाकलेला पगार, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज, या तिन्हींच्या आधारे ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला पोहोचले, आणि तेथे त्यांनी डी.एस्सी. पदवीसाठी जो प्रबंध लिहिला त्याचा विषय रुपयाचा चलनदर हाच होता. त्याआधी १८९२ मध्ये जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी कर्ज-शिष्यवृत्तीचा निधी स्थापन केला, ज्याच्या पहिल्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. के. सी. महिंद्र न्यास १९५६ पासून बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देत आला आहे. हे निधी आजही चालू आहेत, पण त्यांची रक्कम बहुतेकदा एकूण खर्चाचा एक भागच भागवते.

सरकारी योजनांची व्याप्ती मात्र गरजेच्या मानाने तोकडी आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती शुल्क, निर्वाह आणि विमानभाडे असा जवळजवळ संपूर्ण खर्च उचलते, परंतु साऱ्या राज्यातून वर्षाला ७५ विद्यार्थ्यांची निवड होते. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या जागा देशभरासाठी १२५ आहेत. २०२५ मध्ये निवडलेल्या १०६ जणांपैकी पहिल्या टप्प्यात केवळ ४० जणांना तात्पुरती मंजुरीपत्रे मिळाली आणि उरलेल्यांना निधीच्या उपलब्धतेची वाट पाहण्यास सांगण्यात आले. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना २०२२-२३ पासून बंद झाली. २०२४ मध्ये मंजूर झालेली प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजना विनातारण कर्ज देते, पण ती देशांतर्गत संस्थांपुरती आहे.

यात वेळापत्रकाचा मुद्दा विशेष लक्ष देण्याजोगा आहे. युरोप-अमेरिकेतील विद्यापीठे प्रवेश राखून ठेवण्याची अनामत वसंत ऋतूत मागतात आणि वर्ग ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतात, तर शिष्यवृत्तीची निवडयादी पुष्कळदा त्यानंतर लागते; त्यामुळे ज्या विद्यार्थ्यासाठी ही योजना आखली आहे, त्यालाच अनामत, व्हिसाशुल्क आणि पहिल्या महिन्याचे भाडे उसनवारीने उभे करावे लागते, आणि ते न जमल्यास मिळालेला प्रवेश पुढील वर्षावर ढकलावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो. जाहिरात डिसेंबरमध्ये, निवड मार्चअखेर आणि अनामतीची रक्कम थेट विद्यापीठाकडे, एवढा बदल केला तर जागा न वाढवताही पागडीच्या खोलीतल्या विद्यार्थ्याचा प्रवेश वाचू शकतो, आणि त्यासाठी नवा कायदा करण्याची गरज नाही.