मंद स्वरांचे चाहते

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वतीमहाल ग्रंथालय पाहताना मराठी माणसाला भोसल्यांच्या राज्याची आठवण होते. त्या दरबाराचा आणखी एक ठेवा माणसांच्या कंठांतून चालत आला आहे. अठराव्या शतकात तेथे आश्रय लाभलेल्या पापम्माळ या गायिका-नर्तिकेच्या वंशात पुढे मद्रासमध्ये वीणावादिका धनम्माळ (१८६७–१९३८) झाल्या. ब्रिंदा (१९१२–१९९६) आणि मुक्ता (१९१४–२००७) या त्यांच्या नाती.

या भगिनी जोडीने गात. आवाज मृदू, लय विलंबित. सतराव्या शतकातील क्षेत्रय्यांची तेलुगू पदे ही त्यांची खासियत. पद म्हणजे संथ चालीचे शृंगारगीत. नायिकेचा रुसवा एखाद्या स्वराच्या हेलकाव्यातून कळावा, अशी त्याची रीत. असे गाणे ऐकायचे तर श्रोत्यालाच जवळ सरकून कान द्यावा लागतो. म्हणून त्यांचे चाहते निष्ठेचे ठरले. स्वतः गवयी असलेलेही त्यांच्यापाशी शिकायला बसत. सुब्बुलक्ष्मींनी ब्रिंदांकडून पदे घेतली. १९७६ साली मद्रासच्या संगीत अकादमीने ब्रिंदांना ‘संगीत कलानिधी’ ही पदवी दिली.

श्रोतेहो, ज्यांचे अभंग आपण आवडीने ऐकतो, त्या मुंबईत जन्मलेल्या अरुणा साईराम ब्रिंदांच्याच शिष्या. तंजावरची गादी १८५५ साली संपली. मुखोद्गत विद्येला मात्र राजापेक्षा शिकणाऱ्याची आणि ऐकणाऱ्याची गरज अधिक असते, आणि या दोघी भगिनींना ते दोन्ही लाभले.