मिरजेचा शरद : कमानींपासून पणत्यांपर्यंत
लेखमाला : गावोगावचे उत्सव (लेखांक ७)

मिरजेतला उत्सवांचा हंगाम भाद्रपद शुद्ध चतुर्थीला सुरू होतो आणि कार्तिकी पौर्णिमेला संपतो. पंचांगाप्रमाणे शरद ऋतू आश्विन आणि कार्तिक या दोन महिन्यांचा. पण सांगली-मिरज पट्ट्यात आषाढ-श्रावणाइतकाच भरवसा परतीच्या पावसावर असल्याने पावसाळ्याचा शेवट आणि शरदाची सुरुवात एकमेकांत मिसळलेली असते. गणपती बहुधा पावसात जातात, नवरात्रात आभाळ मोकळे होऊ लागते आणि दिवाळीला थंडीची चाहूल लागते. या सुमारे दहा आठवड्यांत उत्सवाची जागाही बदलते. भाद्रपदात तो रस्त्यावर असतो, आश्विनात देवळाच्या आवारात येतो आणि कार्तिकाच्या तोंडावर घराच्या अंगणात व नदीच्या घाटावर पोचतो. त्याबरोबर आवाजही ढोल-ताशापासून तंबोऱ्यापर्यंत उतरत येतो.

या उत्सवांच्या तारखा महाराष्ट्रात सगळीकडे असतात त्याच. मिरजेतल्या त्यांच्या रूपामागे मात्र गावाचा इतिहास आहे. पेशवाईत मिरज पटवर्धनांकडे आली. गणपती हे या घराण्याचे आराध्यदैवत, त्यामुळे तासगाव, सांगली, मिरज ही त्यांच्या अमलाखालची गावे गणेशभक्तीची केंद्रे झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा हे मिरजेचे श्रद्धास्थान होते, आणि विसाव्या शतकात दर्ग्याचे आवार गाणाऱ्यांचेही ठिकाण झाले. पुणे, कोल्हापूर, बेळगाव-हुबळी आणि पंढरपूर या चारही दिशांचे रेल्वेमार्ग मिरज जंक्शनवर मिळतात. त्यामुळे महाराष्ट्रातला आणि धारवाडकडचा कलाकार इथे सारख्याच सोयीने येऊ शकतो.

भाद्रपद : रस्त्यावरचा उत्सव

हंगामाचा पहिला मोठा दिवस मिरजेत नसून तासगावात असतो. परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या तिथल्या गणपती मंदिराला दाक्षिणात्य धाटणीचे उंच गोपूर आहे. मराठी मुलखातल्या देवळांत असे गोपूर क्वचितच दिसते. ऋषिपंचमीला, म्हणजे चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी, या मंदिराचा रथोत्सव होतो. दोरखंड लावून माणसे रथ ओढतात आणि गुलालाने रस्ता लाल होतो. सांगली संस्थानच्या गणपतीचा उत्सव पाच दिवसांचा असतो आणि मिरवणुकीने कृष्णेवरच्या सरकारी घाटावर त्याची सांगता होते. मिरजेतला सार्वजनिक उत्सव अनंत चतुर्दशीपर्यंत चालतो, आणि त्याचा कळस विसर्जनाच्या दिवशीच गाठला जातो.

मिरजेची विसर्जन मिरवणूक ओळखली जाते ती स्वागत कमानींसाठी. लक्ष्मी मार्केटच्या परिसरातून गणेश तलावाकडे जाणाऱ्या मार्गावर वेगवेगळी मंडळे, संघटना आणि पक्ष रस्ता व्यापणाऱ्या उंच कमानी उभारतात. वासे-बांबूंच्या सांगाड्यावर मोठमोठी चित्रे चढवलेली असतात. त्यांचे विषय पुराणातले, शिवकालातले, कधी चालू घडामोडींवरचे. मिरवणुकीतला प्रत्येक गणपती या कमानींखालून जातो आणि कमानीजवळच्या व्यासपीठावरून मंडळांचे स्वागत होते. मंडळांची संख्या आणि रस्त्यांची रुंदी यांचा मेळ बसत नसल्याने मिरवणूक रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी संपते. पाहणाऱ्याला एका जागी थांबून सगळे बघता येते. कमानी मात्र आदल्या दिवशी, गर्दी होण्यापूर्वी, चालत फिरून पाहिलेल्या बऱ्या.

कमानीवरचे चित्र हजारो लोकांसमोर येते, म्हणून त्याचा विषय केवळ सजावटीचा राहत नाही. २००९ साली अफजलखान वधाच्या चित्रावरून मिरजेत वाद पेटला, दंगल उसळली आणि विसर्जन रखडले. चित्रांचे विषय आणि मिरवणुकीचे वेळापत्रक यांवर पोलिस, मंडळे आणि शांतता समित्या यांच्या बैठका होतात त्यामागे हा अनुभव आहे. हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे मुसलमानी सण ऋतुचक्रात मागे सरकत राहतात आणि काही वर्षे गणेशोत्सवाजवळ येतात. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबर या एकाच दिवशी आली. त्या वर्षी राज्यातल्या अनेक गावांत ईदचा जुलूस दुसऱ्या दिवसावर नेण्यात आला.

अनंत चतुर्दशीनंतर पितृपंधरवडा लागतो. या काळात मंगलकार्ये नसतात, मांडव उतरतात, आणि गाव पुढच्या तयारीला लागते.

आश्विन : देवळातले गाणे

घटस्थापनेला अंबाबाईच्या देवळात घट बसतात आणि त्याबरोबर मिरजेच्या शरदातला सर्वांत महत्त्वाचा सांस्कृतिक कार्यक्रम सुरू होतो. तो म्हणजे अंबाबाई नवरात्र संगीत महोत्सव. देवळाच्या आवारात नवरात्रभर गायन-वादनाच्या बैठका होतात. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, भजन, सतार, बासरी, तबला असे सगळे प्रकार त्यात असतात. ही सेवा देवीपुढे रुजू केली जाते, या भावनेने कलाकार येतात. श्रोताही आधी देवीचे दर्शन घेतो आणि मग बैठकीत बसतो. उत्सवाची उस्तवार करणाऱ्यांत अंबाबाई तालीम संस्थेचे नाव येते. कुस्तीची तालीम आणि ख्यालाची मैफल हे नाते बाहेरच्या माणसाला नवे वाटेल. जुन्या मिरजेत मात्र तालीम म्हणजे गल्लीचे एकत्र येण्याचे ठिकाण, आणि गल्लीचा उत्सव तीच चालवते.

बैठकीची वेळ कळली की श्रोत्याला रागांचा अंदाज बांधता येतो. दिवेलागणीला पूरिया किंवा मारवा, त्यानंतर यमन, रात्र चढल्यावर बागेश्री, मालकंस, दरबारी असा हिंदुस्थानी संगीताचा रूढ क्रम आहे. मिरजेच्या श्रोत्याचा कान किराणा घराण्यावर पोसलेला आहे. एकेका स्वरावर थांबून, त्याचा लगाव सांभाळत सावकाश बढत करणारी ही गायकी. तिचा मिरजेशी संबंध अब्दुल करीम खाँ यांच्यामुळे आला. उत्तरेतल्या कैराना गावी १८७२ साली जन्मलेले खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात गाऊन सेवा करत राहिले. सवाई गंधर्व त्यांचे शिष्य. सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर ही त्यांची मुले, आणि हिराबाईंचा जन्म मिरजेचाच, १९०५ सालचा.

खाँसाहेबांचा स्मृतिदिन याच ऋतूत, २७ ऑक्टोबरला येतो. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीकडे जाताना वाटेत त्यांची प्रकृती बिघडली. सिंगपेरुमलकोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले आणि तिथेच त्यांचे निधन झाले. अखेरच्या क्षणी त्यांनी दरबारीच्या स्वरांत प्रार्थना म्हटली असे सांगतात. त्यांचे दफन मिरजेत दर्ग्याच्या आवारात झाले. त्यांच्या स्मरणार्थ होणारी मोठी संगीतसभा मात्र दर्ग्याच्या उरुसाला जोडलेली आहे. उरूस हिजरी पंचांगाने ठरत असल्यामुळे ती दर वर्षी वेगळ्या तारखेला येते. दर्ग्यातल्या कडुलिंबाखाली गाण्याची आणि कबरीला वंदन करून गायला बसण्याची प्रथा तिथे आहे. शरदात मिरजेला आलेल्या संगीतप्रेमीला उरूस सापडला नाही, तरी देवळातली बैठक आणि दर्ग्यातली कबर एकाच संध्याकाळी पाहता येतात.

किराण्याच्याही आधी मिरजेत ग्वाल्हेर गायकी रुजली होती. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी इथे शिष्य घडवले. त्यांतले विष्णु दिगंबर पलुस्कर यांना लहानपणी फटाक्याच्या अपघाताने दृष्टीला इजा झाल्यावर उपचारासाठी कुरुंदवाडहून मिरजेला आणले होते. संस्थानिकांच्या आश्रयाने ते बुवांकडे शिकले आणि पुढे १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. त्यांच्या परंपरेतल्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे कार्यालय आज मिरजेत आहे. मंडळाच्या दोन परीक्षासत्रांपैकी एक नोव्हेंबर-डिसेंबरात येते. त्यामुळे देशभरातल्या हजारो विद्यार्थ्यांच्या घरी दिवाळीची सुट्टी रियाजाची असते.

खंडेनवमी आणि सतारमेकरांची गल्ली

नवव्या दिवशी, खंडेनवमीला, शस्त्रांची आणि हत्यारांची पूजा होते. मिरजेत या दिवसाला वेगळा संदर्भ आहे. इथला तंतुवाद्यांचा धंदा सुरू केला तो शिकलगारांनी, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या कारागिरांनी. पेशवाई संपली, लढाया थांबल्या आणि शस्त्रांचे काम आटले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन या शिकलगारांनी वाद्यांच्या दुरुस्तीतून सुरुवात करून सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. संस्थानचा आश्रय मिळाला, शिष्य तयार झाले आणि सतारमेकर हेच आडनाव झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

शरदाच्या दिवसांत ही गल्ली पाहण्यासारखी असते. वाद्याचा तुंबा म्हणजे कडू जातीचा मोठा भोपळा. तो मुख्यतः सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून येतो. वाळून टणक झालेला भोपळा आतून साफ करून कापतात, त्यावर तुणीच्या लाकडाचा गळा आणि दांडी बसवतात, नक्षी कोरतात आणि लाखेचे पॉलिश देतात. सर्वांत नाजूक काम शेवटी येते. घोडीचा पृष्ठभाग कानसेने इतका बेतून घासायचा, की तार तिला जराशी घासत कंप पावेल आणि स्वराभोवती गुंजन उमटेल. याला जवारी काढणे म्हणतात. मोजमापाचे यंत्र इथे चालत नाही, कारागिराचा कानच कामी येतो. नवरात्राच्या बैठकीत गवयाच्या मागे झंकारणारा तंबोरा देवळापासून थोड्या अंतरावरच्या दुकानातून आलेला असण्याचा संभव मोठा.

दसऱ्याला आपट्याची पाने वाटली जातात आणि संगीत महोत्सव संपतो. याच दिवशी जिल्ह्यात विट्याला रेवणसिद्धांच्या पालख्यांची शर्यत लागते. पालख्या खांद्यावर घेऊन धावणाऱ्यांना पाहायला आसपासची गावे लोटतात. पुढे पाचव्या दिवशी कोजागिरी. गच्चीवर आटीव दूध, सांगलीकडचे लसणाचे भडंग आणि मध्यरात्रीपर्यंत गाणे, एवढाच तिचा थाट.

कार्तिक : अंगण, रंगमंच आणि घाट

दिवाळीत उत्सव घराकडे वळतो. मुले अंगणात माती-दगडांचे किल्ले बांधतात, त्यावर अळीव पेरून हिरवळ आणतात आणि शिवाजी महाराजांना सिंहासनावर बसवतात. स्वतः मिरजही भुईकोट किल्ल्याची, पण मुलांचे किल्ले नेहमी डोंगरीच असतात. पहाटेच्या अभ्यंगानंतर गाण्याच्या मैफली भरवण्याची रीत आता शहराशहरांत रुजली आहे. मिरजेत पहाटेच्या रागांना जाणता श्रोता मिळतो.

५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन अनेकदा दिवाळीच्या आसपास येतो. त्याचे मूळ शेजारच्या सांगलीत आहे. १८४३ साली चिंतामणराव पटवर्धनांच्या प्रोत्साहनाने विष्णुदास भावे यांनी तिथे ‘सीता स्वयंवर’ सादर केले. १९४३ साली त्याची शताब्दी सांगलीत साजरी झाली. अखिल महाराष्ट्र नाट्य विद्यामंदिर समिती या दिवशी भावे यांच्या नावाचे गौरवपदक एका रंगकर्मीला देते. मिरजेचा या इतिहासात आपला वाटा आहे. १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत बालगंधर्व प्रथम रंगमंचावर आले ते मिरजेत, ‘शाकुंतल’मधल्या शकुंतलेच्या भूमिकेत. शहराचे नाट्यगृह त्यांच्याच नावाने आहे.

कार्तिकी एकादशीच्या सुमारास मिरज जंक्शनवर पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची गर्दी असते. टाळ-मृदंगांसह गाडी बदलणाऱ्या दिंड्या फलाटावरच भजनाला उभ्या राहतात. एकादशीनंतर तुळशीची लग्ने लागतात आणि त्रिपुरी पौर्णिमेला कृष्णेच्या घाटांवर पणत्या लावल्या जातात. ऊस कारखान्यांकडे निघू लागतो आणि गावाचे लक्ष पुन्हा शेतीकडे वळते.

हे सगळे पाहायला येणाऱ्याने तारखा पंचांगातच पाहाव्यात, कारण अधिक मासामुळे त्यांत मोठा फरक पडतो. २०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आणि दसरा २ ऑक्टोबरला होता. २०२६ साली ज्येष्ठ अधिक असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला, घटस्थापना ११ ऑक्टोबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. एकाच फेरीत जास्तीत जास्त पाहायचे असेल, तर नवरात्राचे शेवटचे तीन दिवस निवडावेत. त्यांत संध्याकाळी अंबाबाईपुढची बैठक, दिवसा सतारमेकरांची दुकाने व दर्गा, आणि दसऱ्याला विट्याची शर्यत असा क्रम जमतो. ज्याला गर्दी आणि कमानी पाहायच्या आहेत त्याने अनंत चतुर्दशी गाठावी, आणि रात्रीच्या मुक्कामाची सोय आधीच करून ठेवावी.