नाव नसलेला गुलाब

पुष्कळ घरांच्या परसात एखादे जुने गुलाबाचे झाड असते. आजीने लावलेले असते. नाव मात्र कोणालाच ठाऊक नसते. मग कोणी म्हणतो, “हा रानटी झाला, उपटून टाका.” पण थांबा! आधी त्याची ओळख पटवा. जुने वाण एकदा गेले, की बाजारात मिळेलच असे नाही.

नुसता रंग पाहून ओळख पटत नाही. गुलाबी फुले शेकडो जातींना येतात. म्हणून सर्व खुणा पाहाव्या.

प्रथम बूड पाहा. बागेतला गुलाब बहुधा दुसऱ्या गुलाबावर डोळा भरून तयार करतात. खालच्या झाडाला खुंट म्हणतात. वरचा गुलाब मेला, तरी खुंटाला फुटवे येतात आणि तेच झाड वाढते. लहान पांढरी फुले घोसाने येतात का? पानाच्या देठाच्या बुडाशी बारीक झालर आहे का? मग तो बहुतेक मल्टिफ्लोरा जातीचा खुंट.

आता बहर, वास व काटे पाहा. दमास्क गुलाबाला वास भरपूर, काटेही भरपूर. चिनी गुलाब वारंवार फुलतो. त्याचा वास मंद असतो.

खुणांवरून किती कळते, पाहा! हिंदी महासागरात रीयुनियन बेट आहे. त्याचे जुने नाव बूर्बाँ. तेथे शेतांच्या कुंपणाला चिनी व दमास्क असे दोन गुलाब लावीत. त्यांत एक निराळेच झाड आढळले. १८१९ च्या सुमारास त्याचे बी पॅरिसला गेले. त्याच्यात दोन्ही गुलाबांच्या खुणा होत्या. म्हणजे ते त्या दोघांचे लेकरू! आपल्याकडे त्याला ‘एडवर्ड’ म्हणतात. त्याची फुले गुलाबी व सुवासिक असतात. पण तो खुंट म्हणूनही वापरतात, बरे का! तेव्हा “हा तर खुंट” म्हणून कोणत्याही झाडाला हिणवू नका.

एक वही करा. कोणत्या महिन्यात फूल आले, पाकळ्या किती, पानाला पाती किती, ते वर्षभर लिहा. झाड कोणी, कधी लावले, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. नाव सापडले नाही, तर अंदाजाने ठेवू नका. खोट्या नावाने खरी ओळख बुजते.

आणि पावसाळ्यात त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर फांद्या लावा. एक रोप शेजारी द्या. तुमचे झाड गेले, तरी वाण राहील.