गोदावरीचा गाळ

‘गाळ’ हा शब्द मराठीत आपण सहसा निरुपयोगी वस्तूंसाठी योजतो. भाषेचा अध्यापक म्हणून मला या शब्दाचे ‘गाळणे’ या क्रियापदाशी असलेले नाते अधिक महत्त्वाचे वाटते. नदीतील सेंद्रिय कर्बाचे अभ्यासकही आरंभी पाणी गाळतात. एका मायक्रॉनहून बारीक छिद्रांच्या गाळणीतून जो पाण्याबरोबर निघून जातो तो विरघळलेला कर्ब. गाळणीवर उरतो तो कणरूप कर्ब. जगातील नद्या दरवर्षी सुमारे 20 कोटी टन कणरूप सेंद्रिय कर्ब समुद्रात नेतात, असा अंदाज 2015 साली प्रसिद्ध झाला.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांचे मूळ गोदाकाठचे. म्हणून उदाहरण गोदावरीचेच घेतो. त्र्यंबकेश्वरी उगम पावून ही नदी सुमारे 1465 किलोमीटर वाहते. तिच्यातील कर्ब येतो तो पालापाचोळा, मुळे, शेतातील मातीचा ह्यूमस आणि पाण्यातील शेवाळ यांतून. दख्खनचा काळा पाषाण लाव्ह्यापासून झाला असल्याने त्यात सेंद्रिय कर्ब जवळजवळ नसतो. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात मात्र पुरातन अरण्यांचा कर्ब कोळशाच्या रूपाने आहे.

हे सारे एकत्र वाहत असता त्यांचे मूळ ओळखावे कसे? कर्बाच्या समस्थानिकांवरून. ज्वारी, बाजरी, ऊस आणि उष्ण प्रदेशातील बरीचशी गवते हवेतील कर्ब एका रीतीने घेतात; वृक्ष, भात आणि कडधान्ये दुसऱ्या रीतीने. त्यामुळे दोहोंतील कर्ब-13 चे प्रमाण भिन्न असते. किरणोत्सारी कर्ब-14 वरून वय कळते. कोळशात तो उरलेलाच नसतो.

गोदावरीचे बहुतेक पाणी आणि गाळ पावसाळ्याच्या मोजक्या महिन्यांत वाहतो. कर्ब चिकणमातीच्या सूक्ष्म कणांना बिलगून प्रवास करतो. वाटेत सूक्ष्मजीवांनी त्याचे विघटन केले, तर तो वायुरूपाने पुन्हा हवेत जातो. समुद्रतळी गाळाखाली लवकर गाडला गेला, तर दीर्घकाळ हवेपासून दूर राहतो.

गोदावरीच्या मुखासमोर बंगालच्या उपसागरात घेतलेल्या एका गाळस्तंभाचा अभ्यास 2012 आणि 2017 साली प्रसिद्ध झाला. थरांत टिकून राहिलेल्या पानांवरील मेणावरून असे दिसले की, गेल्या काही सहस्र वर्षांत मध्य भारत टप्प्याटप्प्याने कोरडा होत गेला. पाऊस घटला म्हणजे मातीची धूपही घटेल, असे आपण सहज म्हणू. घडले नेमके उलट. धूप वाढली आणि समुद्रात पोहोचणारा कर्बही अधिक जुना होत गेला. झाडोरा विरळ झाल्यावर उघड्या जमिनीवर पावसाची सर कोसळते, तेव्हा वरच्या थराखालची, शतकानुशतके साठलेली मातीही वाहून जाते. पुढे दख्खनवर शेती पसरली आणि या धुपेत भर पडली. मोसमी प्रदेशात मातीचे भवितव्य पावसाइतकेच जमिनीवरील आच्छादनावर अवलंबून असते, हा या संशोधनाचा मला जाणवलेला अर्थ.

आता त्या मातीच्या वाटेत धरणे उभी आहेत. पैठणच्या जायकवाडीपासून श्रीरामसागरापर्यंतच्या जलाशयांत गाळ अडतो. त्रिभुज प्रदेशाला नवी माती कमी मिळते, आणि तळाशी प्राणवायूवाचून कुजणाऱ्या कर्बापासून मिथेन वायू तयार होतो. इकडे शेतात मात्र सेंद्रिय कर्ब घटल्याने जमिनीची ओल धरण्याची शक्ती क्षीण होते. 2017 साली महाराष्ट्र शासनाने जलाशयांतील गाळ उपसून शेतात पसरण्याची योजना आरंभिली. ती उपयुक्त आहे. पण वाहून गेलेली माती परत आणण्यापेक्षा ती जागीच राखणे स्वस्त पडते. बांधावरची झाडे, उताराला आडवी नांगरट, काढणीनंतर रानात ठेवलेली धसकटे यांनी ते साधते.

आपल्यापैकी ज्यांची शेती अद्याप गावी आहे, त्यांनी पुढच्या पावसाळ्यात ओढ्याच्या पाण्याचा रंग एकदा अवश्य पाहावा. ते गढूळ असेल, तर वाहून जात आहे तो आपल्याच शेताचा कस होय.